अतिशुद्ध तांब्यातील अपद्रव्ये मोजताना: आधी ब्लँक, मग नमुना

९९.९९९९ टक्के शुद्ध म्हणून आलेल्या तांब्याचा तुकडा तपासायला घेतात आणि अहवाल निघतो: लोह २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग), जस्त १ पीपीएम, सोडियम ४ पीपीएम. आठवड्याने तोच तुकडा पुन्हा मोजला की आकडे वेगळेच येतात. मग यंत्राची सर्व्हिसिंग होते, कॅलिब्रेशन पुन्हा होते, तरी फरक पडत नाही. अशा बहुतेक प्रकरणांत यंत्र ठीक असते. यंत्रापर्यंत जे द्रावण पोहोचले, त्यातले लोह आणि सोडियम तांब्यातले नसतेच. ते चिमट्याचे असते, बीकरचे असते, आम्लाचे असते.

मोजणी किती नाजूक आहे ते एका हिशेबावरून समजेल. तांब्यात लोह ०.१ पीपीएम असेल, तर ०.५ ग्रॅम तुकड्यात ते एकूण ५० नॅनोग्रॅम भरते. ३० मायक्रोमीटर व्यासाचा लोखंडाचा एक कण बीकरमध्ये पडला तर त्याचे वजन सुमारे ११० नॅनोग्रॅम असते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा हा कण तुमचे उत्तर तिप्पट करून जातो.

पुढची पद्धत तांबे विरघळवून आयसीपी-एमएसवर, म्हणजे प्लाझ्मात आयन बनवून वस्तुमानावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर, मोजण्याची आहे. इतर धातूंसाठी जिथे मार्ग बदलतो तिथे तसे सांगितले आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेकांची चूक क्रमातच होते. नमुना आधी विरघळवतात आणि ब्लँक, म्हणजे नमुना न घालता केलेली तीच मोजणी, शेवटी, वेळ उरला तर करतात.

## टप्पा १: काय मोजायचे ते आधी लिहून काढा

४एन म्हणजे ९९.९९ टक्के, म्हणजे एकूण अपद्रव्ये जास्तीत जास्त १०० पीपीएम. ५एन म्हणजे १० पीपीएम, ६एन म्हणजे १ पीपीएम. पण हे ‘एकूण’ कशाचे, हा पहिला प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर ‘मेटल्स बेसिस’ लिहिलेले असेल, तर ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन आणि बऱ्याचदा गंधकही त्या बेरजेत धरलेले नसते. तांब्यात ऑक्सिजन आणि गंधक ही महत्त्वाची अपद्रव्ये आहेत. म्हणून ‘६एन’ हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. मूलद्रव्यांची यादी मागवा.

ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन आयसीपी-एमएसने मोजता येत नाहीत. त्यासाठी निष्क्रिय वायूत ग्रॅफाइटच्या मुशीत नमुना वितळवणारे यंत्र लागते. कार्बन आणि गंधकासाठी ऑक्सिजनच्या प्रवाहात नमुना जाळणारे यंत्र वापरतात. त्यांचे तुकडे सुरुवातीलाच वेगळे काढून ठेवा.

मग प्रत्येक मूलद्रव्यासमोर तीन गोष्टी लिहा: मागितलेली मर्यादा, कोणत्या वस्तुमानावर मोजणार, आणि धोका कुठून आहे. पद्धतीची परिमाणन मर्यादा, म्हणजे ज्याच्या वर आकडा ठामपणे सांगता येतो ती पातळी, मागितलेल्या मर्यादेच्या जास्तीत जास्त एकतृतीयांश असावी. ती तेवढी खाली जाणार नसेल तर काम सुरू करण्याआधी ग्राहकाला सांगा.

विरलनाचा हिशेबही इथेच करा. आयसीपी-एमएसला विरघळलेले घन पदार्थ साधारण ०.१ ते ०.२ टक्क्यापर्यंतच सोसतात, म्हणून शेवटच्या द्रावणात तांबे १ ग्रॅम प्रति लिटर ठेवा. त्याचा एक फायदाही आहे: या विरलनाला द्रावणातला मायक्रोग्रॅम प्रति लिटरचा आकडा हाच धातूतला पीपीएमचा आकडा असतो. द्रावणात ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर लोह म्हणजे धातूत ०.०५ पीपीएम. हे डोक्यात पक्के बसले की ब्लँकमधला प्रत्येक आकडा किती महाग पडतो ते आपोआप कळते.

## टप्पा २: जागा, पाणी आणि आम्ल

सगळे उघडे काम आयएसओ वर्ग ५ च्या लॅमिनार फ्लो बेंचखाली, म्हणजे गाळलेल्या हवेच्या सरळ झोताखाली, झाले तर उत्तम. मात्र आम्लाची वाफ निघते ते काम साध्या लॅमिनार बेंचवर करायचे नाही, त्याला फ्युम हूडच, म्हणजे वाफ ओढून घेणारे कपाटच, हवे. आणि तिथेच खरी अडचण असते. बऱ्याच फ्युम हूडच्या आत वरच्या बाजूला गंजलेले स्क्रू, पत्रा किंवा बिजागरी असते आणि गंजाचे कण खाली झडत राहतात. हूडच्या छताकडे टॉर्च मारून एकदा बघा. गंज दिसला तर विरघळवण्याची भांडी झाकणाखाली ठेवा, किंवा हूडच्या आत प्लॅस्टिकची छोटी बंदिस्त पेटी वापरा.

हातमोजे बिनपावडरचे हवेत. पावडरच्या मोज्यांतून जस्त आणि कॅल्शियम येते. बिनपावडरचे मोजेही घातल्यावर अतिशुद्ध पाण्याने धुऊन घ्या. अंगठ्या, बांगड्या, मेकअप या गोष्टी बाहेर. सौंदर्यप्रसाधनांत टायटॅनियम, जस्त आणि बिस्मथ असते, आणि बिस्मथ हे तर तांब्यातले सगळ्यांत काळजीपूर्वक मोजायचे मूलद्रव्य.

पाणी १८.२ मेगाओम-सेंटीमीटर रोधकतेचे. पण मीटरवर १८.२ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. रेझिन संपत आले की बोरॉन आणि सिलिका आधी निसटतात, आणि रोधकतेवर त्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. पहिले दोन-तीन लिटर पाणी सोडून द्या, मग घ्या. पाणी साठवून ठेवू नका.

आम्लाबाबत काटकसर करू नये. हिशेब असा: ०.५ ग्रॅम तांब्याला ५ मिलिलिटर संहत नायट्रिक आम्ल, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. साध्या आम्लाच्या बाटलीवर लोह ०.२ पीपीएम असे लिहिलेले असेल, तर ७ ग्रॅममध्ये १.४ मायक्रोग्रॅम लोह झाले. ते तांब्याच्या वजनाने भागले की २.८ पीपीएम. म्हणजे एकट्या आम्लाने ६एन तांबे ५एन करून टाकले. तेच अतिशुद्ध आम्लात लोह १ पीपीबी (पीपीएमचा हजारावा भाग) असेल तर भर पडते ०.०१४ पीपीएमची. अतिशुद्ध आम्ल विकत घ्या, किंवा सब-बॉइलिंग पद्धतीने, म्हणजे न उकळता वरून तापवून, पीएफए या टेफ्लॉनजातीच्या प्लॅस्टिकच्या उपकरणात स्वतः ऊर्ध्वपातित करा.

सावधान: अतिशुद्ध आम्लाच्या बाटलीत पिपेट बुडवू नका. लागेल तेवढे पीएफएच्या छोट्या भांड्यात ओता, त्यातून घ्या आणि उरलेले टाकून द्या. एका बुडवलेल्या टिपने अख्खी बाटली जाते.

## टप्पा ३: भांडी

काच वापरायचीच नाही. बोरोसिलिकेट काचेतून सोडियम, बोरॉन, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन सुटते. विरघळवायला पीएफए, साठवायला पीएफए किंवा त्याच्याच जातीचे एफईपी, कमी वेळेसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा कमी घनतेचे पॉलिएथिलीन चालते. पिपेटच्या टिपा रंगहीन घ्या, कारण रंगासाठी घातलेल्या द्रव्यांतून धातू उतरू शकतात. पिपेटचा टिप काढायचा दांडा धातूचा असेल तर टिप हाताने काढा.

धुण्याचा क्रम:

१. धातुविरहित डिटर्जंटने धुऊन, साध्या शुद्ध पाण्याने तीनदा खंगाळा.

२. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात २४ तास.

३. २० टक्के नायट्रिक आम्लात किमान २४ तास. नवी पीएफए भांडी असतील तर कोमट आम्लात तीन-चार दिवस.

४. अतिशुद्ध पाण्याने पाच वेळा खंगाळून, १ टक्का अतिशुद्ध नायट्रिक आम्ल भरून, झाकण लावून ठेवा. वापरायच्या क्षणी रिकामे करा. कपाटात उपडे वाळवत ठेवलेले भांडे स्वच्छ धरू नका.

प्रत्येक भांड्यावर नंबर कोरा. मार्करने लिहू नका. तांब्याची भांडी वेगळी, चांदीची वेगळी, टँटलमची वेगळी. पीएफए पृष्ठभागात काही मूलद्रव्ये शिरून बसतात आणि पुढच्या कामात हळूहळू बाहेर येतात.

तपासा: प्रत्येक भांड्यात २ टक्के अतिशुद्ध नायट्रिक आम्ल भरून एक रात्र ठेवा आणि ते मोजा. बारा भांड्यांतली अकरा सारखी आली आणि सातव्या नंबरमध्ये जस्त पाचपट आले, तर सातवा नंबर पुन्हा धुवा. दुसऱ्यांदाही तेच झाले तर तो या कामातून कायमचा काढा. हे करायला एक दिवस जातो आणि म्हणूनच लोक टाळतात. माझ्या अनुभवात ‘नमुना एकजिनसी नाही’ असे लिहिलेल्या अहवालांतले बरेचसे प्रत्यक्षात ‘भांडी एकसारखी नाहीत’ या कारणाने बिघडलेले होते.

## टप्पा ४: नमुन्याला हात लावण्याआधी ब्लँक

नुसत्या २ टक्के आम्लाचे द्रावण म्हणजे कॅलिब्रेशन ब्लँक. प्रक्रिया-ब्लँक वेगळा. त्यात तांबे सोडून बाकी सगळे घडले पाहिजे: तेच भांडे, तेवढेच आम्ल, तेवढाच वेळ तापवणे, तीच टिप, तेच विरलन, तोच उघडा राहिलेला कालावधी. चिमट्याने तुकडा उचलून टाकता ना, मग ब्लँकच्या भांड्यातही तोच चिमटा आम्लाला टेकवा.

असे दहा प्रक्रिया-ब्लँक एकाच दिवशी नव्हे, तर दोन-तीन दिवसांत विभागून करा. त्यांच्या आकड्यांचे प्रमाण विचलन काढा. त्याची तिप्पट म्हणजे शोध मर्यादा, दहापट म्हणजे परिमाणन मर्यादा. यंत्राच्या माहितीपत्रकातली शोध मर्यादा इथे उपयोगाची नाही. ती स्वच्छ पाण्यावर, उत्तम दिवशी काढलेली असते.

समजा लोहाच्या दहा ब्लँकची सरासरी ०.०४० आणि प्रमाण विचलन ०.०१२ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आले. परिमाणन मर्यादा झाली ०.१२, म्हणजे धातूत ०.१२ पीपीएम. ग्राहकाला लोह ०.१ पीपीएमपर्यंत हवे असेल तर इथेच थांबायचे. नमुना विरघळवून काहीही हाती लागणार नाही. आधी ब्लँकचा विखुरलेपणा कमी करायचा. सरासरी वजा करता येते, विखुरलेपणा वजा करता येत नाही. ही गोष्ट या सगळ्या कामाचा कणा आहे.

ब्लँकमध्ये काय वाढले आहे यावरून स्रोत ओळखता येतो. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढले तर त्वचा, घाम किंवा डिटर्जंट. एकटे जस्त वाढले तर मोजे किंवा रबर. लोह, क्रोमियम, निकेल एकत्र आले तर स्टेनलेस स्टीलचा चिमटा, सुरी किंवा हूडमधला पत्रा. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम आले तर धूळ किंवा टिश्यू पेपर. सगळेच थोडे थोडे वाढले तर पाणी किंवा आम्ल.

## टप्पा ५: तुकडा कापणे आणि त्याची साल काढणे

कीस घ्यायचा की तुकडा? तुकडाच. ०.५ ग्रॅम तांब्याच्या घनाकृती तुकड्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरपेक्षाही कमी असतो. तेच तांबे ०.१ मिलिमीटर जाडीच्या किसात असेल तर पृष्ठभाग सुमारे ११ चौरस सेंटीमीटर होतो. बारा-तेरा पट जास्त पृष्ठभाग, आणि त्यातला प्रत्येक भाग ड्रिलच्या पात्याला घासलेला. टंगस्टन कार्बाइडचे पाते टंगस्टन आणि कोबाल्ट सोडते. स्टीलचे पाते लोह, मँगनीज, क्रोमियम. कीसच घ्यावा लागला तर कोणत्या पात्याने काढला ते अहवालात लिहा आणि त्या मूलद्रव्यांचे आकडे संशयास्पद माना.

कुठून कापायचे हेही महत्त्वाचे. झोन रिफायनिंगने, म्हणजे अरुंद वितळलेला पट्टा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकवत, शुद्ध केलेल्या कांडीत, वितळलेल्या भागात राहणे पसंत करणारी अपद्रव्ये शेवटच्या टोकाकडे ढकलली जातात आणि उलट स्वभावाची सुरुवातीच्या टोकाला राहतात. एका टोकाचा एकच तुकडा मोजून सगळ्या कांडीची शुद्धता सांगू नका. दोन्ही टोके आणि मध्य, असे निदान तीन तुकडे घ्या.

कापल्यावर:

१. ॲसिटोनमध्ये, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेलकटपणा काढा. अतिशुद्ध पाण्याने पूर्ण धुवा. सेंद्रिय द्रावकाचा थेंबही पुढच्या नायट्रिक आम्लात जाता कामा नये, कारण ते मिश्रण हिंसकपणे पेटू शकते.

२. एक भाग नायट्रिक आम्ल आणि तीन भाग पाणी अशा द्रावणात तुकडा बुडवून साल काढा. सगळ्या बाजू चकचकीत, एकसारख्या गुलाबी दिसल्या पाहिजेत.

३. लगेच वाहत्या अतिशुद्ध पाण्यात धुवा.

४. ताज्या आम्लात दुसऱ्यांदा साल काढा, पुन्हा धुवा, लॅमिनार हवेत सुकवा आणि प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचलून वजन करा.

साल किती निघाली ते वजनावरून ठरवा. ०.५ ग्रॅमच्या घनाकृती तुकड्याचे वजन ५ टक्के घटले तर सुमारे ३० मायक्रोमीटरचा थर गेला. करवतीने कापलेल्या कडांना एवढे लागतेच, कारण मऊ तांब्यावर पात्याचे कण नुसते चिकटत नाहीत, आत दाबले जातात.

सावधान: जुने आम्ल पुन्हा वापरू नका. सालीतून आम्लात गेलेली चांदी तांब्याच्या ताज्या पृष्ठभागावर परत बसते, कारण चांदी तांब्यापेक्षा कमी क्रियाशील आहे. एकाच आम्लात पाच तुकडे एकामागून एक धुतले की पाचव्याच्या पृष्ठभागावर आधीच्या चौघांची चांदी येऊन बसू शकते.

तपासा: एका तुकड्याचे दोन भाग करा. एकाची साल दोनदा काढा, दुसऱ्याची चारदा. दोघांतले लोह सारखे आले तर लोह धातूच्या आत आहे. चारदा काढलेल्यात कमी आले तर दोनदा पुरेसे नव्हते.

## टप्पा ६: विरघळवणे

०.५ ग्रॅम तांब्याला १० मिलिलिटर १:१ नायट्रिक आम्ल (आम्ल आणि पाणी समान भाग) पुरते. आधी ३ मिलिलिटर घाला, तपकिरी वाफ ओसरू द्या, मग उरलेले दोन वेळा विभागून. एकदम घातले तर द्रावण उसळते आणि बारीक तुषारांबरोबर नमुनाही जातो. वाफ विषारी आहे, हे काम हूडबाहेर करू नये. पूर्ण विरघळल्यावर झाकण अर्धवट ठेवून मंद उष्णतेवर नायट्रोजन ऑक्साइड घालवा, ५० मिलिलिटरपर्यंत करा आणि त्यातून दहापट विरलन २ टक्के नायट्रिक आम्लात करा. विरलन वजनावर करा, आकारमानावर नको. प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरच्या खुणांवर विसंबू नये.

कोरडे होईपर्यंत आटवू नका. जास्त आटवले की काही मूलद्रव्ये उडून जातात. पारा कधीही जाऊ शकतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या माध्यमात आर्सेनिक आणि जर्मेनियम क्लोराइड होऊन जातात. हायड्रोफ्लोरिक आम्लात उघड्या भांड्यातून सिलिकॉन आणि बोरॉन जाते.

द्रावणाच्या तळाशी पांढुरके काही दिसते का ते उजेडात धरून बघा. कथील नुसत्या नायट्रिक आम्लात न विरघळणारे ऑक्साइड बनते, अँटिमनीही तसेच वागते. या दोघांसाठी वेगळा तुकडा घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची भर घाला. पण चांदीसाठी ठेवलेल्या द्रावणात क्लोराइड येऊ देऊ नका, चांदी अवक्षेपित होईल. दोन गट, दोन द्रावणे, दोन वेगळे ब्लँक. एकाच द्रावणात सगळे बसवायचा मोह इथे नडतो.

दुसऱ्या धातूंबद्दल थोडक्यात: चांदीला नायट्रिक आम्ल, सोन्याला अम्लराज, ॲल्युमिनियमला हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि टायटॅनियम, नायोबियम, टँटलम, टंगस्टनला हायड्रोफ्लोरिक व नायट्रिकचे मिश्रण. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून प्राणघातक ठरू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल आणि सोबत दुसरी प्रशिक्षित व्यक्ती नसेल तर बाटली उघडू नका. अम्लराज बंद बाटलीत साठवू नका.

## टप्पा ७: तांब्याची सावली ओळखणे

आयसीपी-एमएस वस्तुमान मोजते, नाव वाचत नाही. १ ग्रॅम प्रति लिटर तांबे आत गेले की तांब्याचे दोन्ही समस्थानिक, ६३ आणि ६५, आर्गॉन, ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्याशी जोडून भलत्याच जागी संकेत देतात.

सगळ्यांत फसवी जागा १०३. तांबे ६३ आणि आर्गॉन ४० मिळून १०३ होते, आणि ऱ्होडियमचे एकमेव स्थिर समस्थानिक नेमके १०३. ऱ्होडियम हे लोकप्रिय इंटर्नल स्टँडर्ड आहे, म्हणजे संकेताचा चढउतार दुरुस्त करायला प्रत्येक द्रावणात ज्ञात मात्रेत घालायचे मूलद्रव्य. म्हणून तांब्याच्या द्रावणात ऱ्होडियम ‘१३० टक्के’ दिसते, सॉफ्टवेअर बाकी सगळे निकाल खाली ओढते, आणि अहवाल सुंदर, स्वच्छ आणि खोटा निघतो. तसेच तांबे ६५ आणि आर्गॉन मिळून १०५, म्हणजे पॅलाडियमची जागा.

तांबे आणि हायड्रोजन: ६४ आणि ६६, दोन्ही जस्ताच्या जागा. म्हणून जस्त ६७ आणि ६८ वर बघा. ६८ वर आर्गॉन आणि नायट्रोजनची सावली असते, ती हेलियमच्या कोलिजन सेलमध्ये, म्हणजे असे जोडआयन हेलियमवर आपटवून गाळणाऱ्या यंत्रातल्या कप्प्यात, बरीच कमी होते. तांबे, ऑक्सिजन, हायड्रोजन: ८० आणि ८२, सेलेनियमच्या जागा. लोहाच्या ५६ वर आर्गॉन-ऑक्सिजनची सावली तर प्रत्येक नमुन्यात असते.

दुसऱ्या धातूंत याचेच भाऊबंद भेटतात. टँटलम ऑक्साइड १९७ वर येते, म्हणून टँटलममध्ये ‘सोने’ सापडते. मॉलिब्डेनम ऑक्साइड १११ आणि ११४ वर, म्हणून ‘कॅडमियम’. टायटॅनियम ऑक्साइड ६३ आणि ६५ वर, म्हणून ‘तांबे’. असे अनपेक्षित मूलद्रव्य दिसले की आधी मुख्य धातूच्या वस्तुमानात १६ आणि ४० मिळवून बघा.

इंटर्नल स्टँडर्ड म्हणून तांब्यासाठी हलक्या भागाला स्कँडियम, मधल्याला इट्रियम आणि इंडियम, जड भागाला टर्बियम किंवा ल्युटेशियम घ्या. बिस्मथ घेऊ नका, ते स्वतःच मोजायचे आहे. इंटर्नल स्टँडर्ड न घालता नमुना एकदा चालवून बघा. ती मूलद्रव्ये तांब्यात मुळात नाहीत याची खात्री होते.

तपासा: जिथे शक्य तिथे एका मूलद्रव्याचे दोन समस्थानिक मोजा. चांदी १०७ आणि १०९, जस्त ६७ आणि ६८, शिसे २०६, २०७ आणि २०८ मिळून. दोन उत्तरे जुळली नाहीत तर लहान आकडा बरोबर असण्याची शक्यता जास्त, पण कारण सापडेपर्यंत दोन्हींपैकी एकही लिहू नका.

## टप्पा ८: कॅलिब्रेशन आणि मोजणीचा क्रम

स्टँडर्ड, म्हणजे ज्ञात मात्रेची द्रावणे, ०, ०.०५, ०.१, ०.५, १ आणि ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरचे, त्याच दिवशी बनवलेले. वरचा बिंदू १०० चा घेऊ नका. सहसंबंध गुणांक ०.९९९९ दिसेल, पण रेषा त्या एका बिंदूने ओढलेली असेल आणि ०.१ जवळ ती कितीही चुकीची असू शकते. गुणांकाकडे न बघता ०.१ चे स्टँडर्ड नमुना म्हणून वाचा. उत्तर ०.०९ ते ०.११ मध्ये आले पाहिजे.

तांब्यामुळे संकेत दबतो, त्यावर दोन उपाय: सर्व स्टँडर्डमध्ये तेवढेच अतिशुद्ध तांबे घालणे, किंवा नमुन्यातच वाढत्या मात्रेत स्टँडर्ड घालणे. पहिल्यासाठी तुमच्या नमुन्यापेक्षा शुद्ध तांबे लागते, ते ६एनच्या कामात सहसा नसते. म्हणून दुसरा. अपेक्षित मात्रेच्या सुमारे एकपट, दुप्पट आणि तिप्पट भर घाला.

सावधान: या भर पद्धतीवर लोक नको तेवढा विश्वास टाकतात. ती फक्त संकेताचा उतार सुधारते. ब्लँकमधून आलेले लोह किंवा ६६ वर बसलेले तांबे-हायड्रोजन ती काढत नाही, उलट इमाने इतबारे उत्तरात मोजते. ब्लँक आणि सावल्या आधीच निस्तरलेल्या हव्यात.

मोजणीआधी तांब्याचे १ ग्रॅम प्रति लिटर द्रावण अर्धा तास यंत्रातून जाऊ द्या, म्हणजे आयन आत घेणाऱ्या कोनवर (शंकूवर) पातळ थर बसतो आणि नंतरची घसरण कमी होते. मग क्रम असा: कॅलिब्रेशन ब्लँक, स्टँडर्ड लहानाकडून मोठ्याकडे, धुणे, प्रक्रिया-ब्लँक, नमुने, दर आठ नमुन्यांनंतर एक तपासणी स्टँडर्ड आणि एक ब्लँक, शेवटी पुन्हा प्रक्रिया-ब्लँक. सुरुवातीचा आणि शेवटचा ब्लँक जुळत नसेल तर मधले काहीतरी नळीत चिकटून राहिले आहे. चांदी, पारा आणि बोरॉन यांना ही खोड आहे.

## टप्पा ९: खरेपणाची परीक्षा

तुकडा आम्लात टाकतानाच ज्ञात मात्रेची भर घाला आणि शेवटी किती परत मिळाली ते बघा. ८५ ते ११५ टक्के ठीक. विरघळवून झाल्यावर भर घातली तर वाफेबरोबर गेलेले आर्सेनिक किंवा तळाशी बसलेले कथील कळणार नाही. तेव्हा भर सुरुवातीलाच. एवढ्या एका चुकीने कितीतरी पद्धती ‘प्रमाणित’ ठरून बसल्या आहेत.

शक्य असेल तर प्रमाणित संदर्भ पदार्थ त्याच भांड्यांतून, त्याच दिवशी मोजा. अमेरिकेची एनआयएसटी आणि जर्मनीची बीएएम या संस्था असे शुद्ध धातू देतात. तुमच्या नमुन्याहून शंभरपट अशुद्ध संदर्भ पदार्थ जुळला म्हणून खालच्या पातळीवरचे उत्तर बरोबर ठरत नाही, एवढे भान ठेवा.

निकालाला वेगळ्या मार्गाचा दुजोरा हवा असेल तर जीडीएमएस (ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमेट्री). त्यात धातू न विरघळवता आर्गॉनमधल्या विद्युत विसर्जनात पृष्ठभाग झिजवत मोजतात, त्यामुळे आम्ल आणि भांडी यांचा प्रश्नच उरत नाही. मात्र वरचा थर झिजून लोह-सोडियमचे संकेत स्थिर होईपर्यंत थांबा. आणि संकेतावरून मात्रा काढायचे तयार सापेक्ष संवेदनशीलता गुणांक वापरून आलेला आकडा दुपटीने इकडेतिकडे असू शकतो, हे धरून चाला.

## टप्पा १०: आकडे लिहिणे

प्रक्रिया-ब्लँकची सरासरी वजा करा. वजा केलेला भाग मूळ वाचनाच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त असेल तर तो आकडा देऊ नका, ब्लँक सुधारून पुन्हा करा. किमान तीन स्वतंत्र तुकडे विरघळवलेले असावेत. एकाच द्रावणाची तीन वाचने म्हणजे तीन मोजण्या नव्हेत.

परिमाणन मर्यादेखालचे ‘०’ लिहू नका, ‘०.१२ पेक्षा कमी’ असे लिहा. ०.१२३७ पीपीएम असे चार अंक देण्याइतकी ही मोजणी पक्की नसते, दोन अंक पुरेत.

शुद्धतेचा टक्का १०० मधून अपद्रव्यांची बेरीज वजा करून काढतात. इथे न सापडलेल्या मूलद्रव्यांचे काय करायचे यावर सगळे अवलंबून असते. समजा ७० मूलद्रव्ये शोधली, एकही सापडले नाही, आणि प्रत्येकाची शोध मर्यादा ०.०२ पीपीएम आहे. सगळी शून्य धरली तर बेरीज ०. सगळी मर्यादेइतकी धरली तर बेरीज १.४ पीपीएम, म्हणजे धातू ६एन राहिलाच नाही. अर्धी मर्यादा धरून, तेवढीच अनिश्चितता जोडायची पद्धत बरीच रूढ आहे: बेरीज ०.७ पीपीएम. तिन्हींपैकी कोणती निवडली ते अहवालात स्पष्ट लिहा, न मोजलेल्या मूलद्रव्यांची यादी द्या, आणि वायुरूप मूलद्रव्ये धरली की नाही तेही.

अहवालासोबत ब्लँकचे दहाही आकडे जोडा. भांड्यांचे नंबर, आम्लाचा लॉट, साल काढताना घटलेले वजन आणि कापण्याचे हत्यार नोंदवहीत हवे. उरलेला तुकडा पीएफएच्या बंद डबीत, न विरलेले मूळ द्रावण आणि त्याच्याच दिवशीचा ब्लँक शेजारी शेजारी, निदान ग्राहकाचे उत्तर येईपर्यंत जपून ठेवा.